वार सात, हिशेब सहाचा

प्रश्न : मी नवीन पनवेलला राहते. वय ३४, उंची ५ फूट १ इंच, वजन ७२ किलो. नोकरी सीएसएमटीजवळ, काम बैठं. गेले काही महिने सोमवार ते शनिवार रोज १५०० कॅलरींच्या आत खाते, मोबाइलवर नोंदही ठेवते. सोमवारी उपास असतो. रविवारी मात्र काही मोजत नाही; त्या दिवशी सगळे घरी असतात, घरात वशाट असतं. ऑफिसातली मैत्रीण म्हणते की शरीर आठवड्याचा हिशेब धरतं, एका रविवारनं काही बिघडत नाही. मग माझं वजन हलत का नाही? उलट सोमवारी सकाळी काटा दीड किलो जास्तच दाखवतो. रविवारचं जास्तीचं खाणं आधीच्या दिवसांत वाचवायचं की नंतर फेडायचं?
— एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे. रात्री बाराच्या ठोक्याला शरीरात कुणी वही मिटत नाही. चरबी दिवसभर साठत असते आणि दिवसभर वापरलीही जात असते. आज तीनशे कॅलरी जास्त गेल्या नि उद्या तीनशे कमी, तर दोन दिवसांची बेरीज जवळपास शून्यच. आपल्याकडे तर आठवड्याचं माप जास्तच सोयीचं, कारण मराठी घरातला आठवडा सपाट कधी नसतोच. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवार, शुक्रवार आणि रविवार मासळी-मटणाचे. पनवेल-उरणकडच्या कितीतरी घरांत आजही आधी वार बघतात, मग बाजाराची पिशवी उचलतात. अशा घरात रोज बरोब्बर १५०० हा नियम महिनाभर टिकला तरी खूप.

तरीही वजन हलत नाही, कारण वार सात आहेत आणि तुम्ही सहाच मोजता. त्या सहांतलाही एक चुकीचा मोजत असाल अशी मला शंका आहे. त्याच्याकडे येतेच.

आधी तुमची गरज किती ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली बैठं काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी दिवसाला १६६० कॅलरी धरल्या आहेत. तुमचं वजन त्याहून जास्त, म्हणून गरजही जास्त. मी ती १८५० धरते. याहून फार जास्त धरायला मन धजत नाही. पनवेल हे हार्बरचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे सकाळी चढतानाच बसायला मिळतं, आणि सीएसएमटीपर्यंतचा सव्वा तासाहून जास्त वेळ माणूस बसूनच जातो. पुढे ऑफिसातली खुर्ची आहेच.

रोज १५०० खाल्लं तर दिवसाला ३५० वाचले, सहा दिवसांचे २१००. आता रविवार मांडू. सकाळी कुणीतरी गरम वडापाव आणतं, दोन होतात : ६००. दोन वेळचा चहा आणि खारी : २२०. दुपारी नारळाच्या वाटणाचा मटणरस्सा, तांदळाच्या दोन भाकऱ्या, थोडा भात, तळलेल्या मासळीचे दोन तुकडे : १२५०च्या पुढे. संध्याकाळी मुलांबरोबर शेवपुरी आणि कुल्फी : ५००. रात्री ‘उरलंय ते संपवू’ म्हणून पुन्हा तोच रस्सा : ९००. हे सगळे अंदाज आहेत, पण मी हात राखूनच धरले आहेत. बेरीज साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे गरजेपेक्षा १६५० जास्त. सहा दिवस वाचवलेल्या २१००मधून ते वजा झाले की आठवड्याला ४५० उरतात. एक किलो चरबीमागे ढोबळमानानं ७७०० कॅलरी धरतात. त्या हिशेबानं ४५० म्हणजे साठ ग्रॅम. घरातल्या काट्याला ते कळणारही नाही.

आता सोमवार. मोबाइलमध्ये त्या दिवशी काय लिहिता हो तुम्ही? ‘उपास’ असं लिहून पुढे जात असाल, तर खिचडीचं ताट एकदा उलगडून पाहा. साठ ग्रॅम कोरडा साबुदाणा, म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट : २१०. पंचवीस ग्रॅम दाण्याचं कूट : १४०. दोन चमचे तूप : ९०. अर्धा बटाटा : ४०. एका प्लेटचे झाले ४८०, आणि प्रथिनं जी काय ती फक्त दाण्यांतली. वर अर्धी प्लेट आणखी, बटाट्याच्या वेफर्सची छोटी पुडी, एक केळं, तीन वेळा साखरेचा चहा, आणि रात्री उपास सोडताना वरण-भात-तूप, भाजी, दोन पोळ्या. हा दिवस एकोणीसशेच्या घरात जातो. १५००वर चारशे चढले आणि रविवारनंतर उरलेले साडेचारशेही जवळपास गेले. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असं आपल्या आज्या म्हणायच्या, तेव्हा त्यांच्याकडे कॅलरीचं कोष्टक नव्हतं. ताटात काय पडतंय ते दिसत होतं.

गंमत अशी की आठवड्यातला सर्वात हलका दिवस ठरवायला सोमवारइतका सोयीचा वार दुसरा नाही. रविवारचं जड जेवण झालेलं असतं, मनाची तयारी असते, आणि ‘आज माझा उपास’ म्हटलं की ऑफिसात समोशाचा आग्रहही कुणी करत नाही. फक्त उपास उपासासारखा करायचा. वाटीभर वरीचा भात आणि दाण्याऐवजी दही किंवा ताक, एक उकडलेलं रताळं, पपई नाहीतर पेरू, ग्लासभर दूध. रात्री एक भाकरी, पालेभाजी आणि दोन वाट्या घट्ट आमटी. दिवस बाराशेत बसतो. त्याखाली मात्र स्वतःच्या मनानं जाऊ नका.

मग आठवडा असा बसेल : सोमवार १२००, मंगळवार ते शनिवार १५००, रविवार २१५०. एकूण १०,८५०. तुमची आठवड्याची गरज १२,९५०, म्हणजे तूट २१००. रोज १५५० खाऊनही तूट तेवढीच पडते. पण तसं केलं तर रविवारी मटणाच्या ताटासमोर तुम्ही आकडेमोड करत बसणार. यातून आठवड्याला पाव किलोच्या थोडं वर, महिन्याला किलोभर उतरेल. हे कमी वाटत असेल तर त्याला माझा इलाज नाही. तेही सरळ रेषेत उतरणार नाही. ७७०० हा आकडा ढोबळ आहे, तो मूळचा मॅक्स विश्नोफ्स्की या अमेरिकन डॉक्टरनं १९५८ साली मांडलेल्या ‘एका पौंडाला ३५००’ या हिशेबातून आलेला. वजन घटतं तशी शरीराची गरजही घटते आणि उतार मंदावतो.

आधी वाचवायचं की नंतर फेडायचं, हा तुमचा प्रश्न. शरीराला दोन्ही सारखंच. मनाला नाही. ‘काल जास्त झालं, आज फेडते’ म्हणून उपाशी राहणारी बाई संध्याकाळी परतीच्या वाटेवरच्या कुठल्यातरी स्टेशनवर भजीच्या वासापुढे हरते, आणि मग तीच शिक्षा पुन्हा मंगळवारी. म्हणून रविवारचे २१५० आणि सोमवारचे १२०० हे शनिवारीच ठरलेले असावेत. ते फेडणं नव्हे, बेत. रविवारी ठरल्यापेक्षा पाचशे जास्त झालेच, तर ते सोडून द्या. सोमवार बाराशेचाच राहू द्या.

चालून भागवता येईल का, असं पुढे विचाराल. वडाळे तलावाभोवती तासभर झपझप चाललात तर साधारण दोनशे कॅलरी जास्तीच्या खर्च होतील. एका वडापावात त्याहून जास्त असतात. चाला जरूर, रक्तदाब, साखर आणि झोप यांच्यासाठी चाला. खाण्याची वजाबाकी म्हणून चालू नका.

कमी-जास्त दिवसांची ही कल्पना जगात इतरत्रही बरीच गाजली. २०१२ साली बीबीसीवरच्या एका माहितीपटातून मायकेल मोस्ले यांनी आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखं आणि दोन दिवस पाच-सहाशे कॅलरी, असा आहार लोकप्रिय केला. शिकागोत शंभर लठ्ठ माणसांवर वर्षभर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटानं एक दिवस गरजेच्या पाव हिश्शाएवढं आणि दुसऱ्या दिवशी सव्वापट खाल्लं, दुसऱ्या गटानं रोजच पाऊणपट. वर्षअखेरीस दोन्ही गटांची वजनं जवळपास सारखीच उतरली होती, आणि एकाआड एक दिवसवाल्या गटातून जास्त माणसं गळाली होती. आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून पुढे आलेली, डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत अनेकांना मानवली. माझ्या मते तिचा मोठा आधार चहा-बिस्किटं आणि अधूनमधूनचं तोंड चालवणं बंद होतं हाच आहे. वेळापत्रक कुठलंही घ्या. जे तुमच्या घरात टिकेल ते खरं.

प्रथिनांचं मात्र असं आठवड्यावर ढकलता येत नाही. रविवारी अर्धा किलो मटण खाल्लं म्हणून ते गुरुवारपर्यंत पुरत नाही. चरबीसारखी प्रथिनांची कोठी शरीरात नसते. डाळ, दही, अंडी, मासळी यांतलं काहीतरी रोज, उपासालाही. म्हणून बुधवार-शुक्रवारची मासळी बंद करू नका. ओल्या बोंबलात तर बहुतेक पाणीच असतं. जड असतं ते रव्यात घोळवून तळणं आणि सोबतचा भाताचा डोंगर. बोंबलाचं कालवण आणि एक भाकरी हे उत्तम रात्रीचं जेवण आहे.

रविवारही सगळे सारखे नसतात. थंडी पडली, वालाच्या शेंगा आल्या की आपल्या रायगडात पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, अख्खे बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, पुन्हा पाला; मडकं शेतात पालथं घालून भोवती जाळ. आत ना तेल, ना पाणी. शिवाय एकेक शेंग सोलून खायची म्हणजे खाण्याचा वेग आपोआप उतरतो. मेजवानी एवढी हलकी क्वचितच असते, तेव्हा पोपटीचा रविवार असेल तर खुशाल जा. हळदीचं आमंत्रण ही वेगळी गोष्ट. एप्रिल-मेमध्ये एका आठवड्यात दोन-दोन हळदी आल्या तर त्या आठवड्यात वजन उतरवायच्या भानगडीतच पडू नका. आहे तेवढं राहिलं तरी जिंकलात.

रोज मोजायचा कंटाळा आला तर तेलाचा डबा मोजा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ३४० कॅलरी नुसत्या तेलातून जातात. तोच डबा साडेतीन लिटरचा केला की माणशी रोज शंभर वाचतात, आठवड्याचे सातशे, आणि त्यासाठी कुणाच्या ताटातली भाकरी कमी करावी लागत नाही.

सोमवारचा दीड किलोही निकालात काढू. दीड किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त लागतील. तेवढ्यासाठी एका रविवारात जास्तीचे अडतीस वडापाव खावे लागले असते. वाढलं ते पाणी. भात-भाकरीतलं पिष्ट यकृतात आणि स्नायूंत साठतं, ते साठताना आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतं. त्यात रस्सा, लोणचं, शेवपुरी यांचं मीठ. बुधवार-गुरुवारपर्यंत ते उतरतं. म्हणून शुक्रवारी सकाळी, चहाच्या आधी, दर आठवड्याला त्याच वेळी वजन करा. पाळीच्या आधीही पाणी साठतं, तेव्हा या महिन्यातल्या त्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा.

हे उत्तर वाचून इतर कुणी सोमवार बाराशेचा करणार असेल तर थांबा : मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कमी खाण्याच्या दिवशी साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वाढत्या मुलींनी, आणि ‘उपाशी राहायचं मग बेभान खायचं’ या चक्रात सापडलेल्यांनी हे करूच नये.

तुम्ही मात्र येत्या रविवारी एकच करा. काही कमी करू नका. फक्त खाल तेवढं सगळं, चहातल्या साखरेसकट, लिहून काढा. सोमवारचंही तसंच. मग पुढचे सहा शुक्रवार वजन करा आणि ते आकडे त्या दोन दिवसांच्या यादीसह मला कळवा.