समुद्रातली पहिली बुडी : दर विचारण्याआधी काय विचारावे?

सुरगाण्याच्या बाजारपेठेतील कुटुंबे आता दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मालवणला जाऊ लागली आहेत. परत आल्यावर किल्ल्याइतकीच चर्चा होते ती ‘स्कूबा’ची. म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून समुद्राखाली उतरण्याची. आमचे कारागीर बांधव वर्षभराच्या बचतीतून ही सहल करतात. म्हणून हा धंदा कसा चालतो आणि नवख्या माणसाने पैसे देण्याआधी काय पारखावे, हे आम्ही येथे मांडत आहोत.

सुरगाण्याहून दक्षिण गुजरातचा समुद्र जवळ आहे, पण तेथील पाणी गढूळ असते. म्हणून आपल्या राज्यात लोक मालवण आणि तारकर्लीला जातात. कुडाळ किंवा कणकवली स्टेशनवर उतरून तेथे जाता येते. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर ज्याचे बांधकाम सुरू केले, त्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत. 1987 साली या भागाला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात हे काम बंद असते.

नवख्याला सर्वांत सोयीचा असतो बेटाचा वाळूचा किनारा. अंदमानातील स्वराज द्वीप (2018 पर्यंतचे नाव हॅवलॉक) येथे माणूस वाळूवरून चालतच पाण्यात शिरतो. तळ हळूहळू खोल होतो, पायाला खडक लागत नाही, आणि कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तोंडाने श्वास घेण्याचा सराव होतो. भीती वाटली तर उभे राहिले की झाले. मालवणात मात्र गिऱ्हाइकाला बहुधा होडीने खडकांजवळ नेऊन खाली उतरवतात. त्यामुळे हा सराव आधी किनाऱ्यालगत किंवा तलावात करून घ्यावा, असा आग्रह आपणच धरला पाहिजे.

आता यामागचे शास्त्र. समुद्रात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट होतो. यातून तीन नियम निघतात.

पहिला नियम कानाचा. खाली जाताना कान दुखण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे. सर्दी असेल तर हे जमत नाही, म्हणून त्या दिवशी उतरूच नये.

दुसरा नियम श्वासाचा. श्वास कधीही रोखायचा नाही. 10 मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते, आणि श्वास रोखला असेल तर फुप्फुस फाटू शकते. म्हणून वर यायचे ते सावकाश, श्वास चालू ठेवून.

तिसरा नियम हिशेबाचा. सिलिंडरमध्ये निव्वळ ऑक्सिजन नसून दाबलेली साधी हवा असते. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाब असेल तर हवा झाली 2400 लिटर. त्यातली 50 बार, म्हणजे 600 लिटर, राखीव ठेवायची. उरली 1800. मिनिटाला 20 लिटर श्वास घेणाऱ्याला 10 मीटरवर 40 लिटर लागतात. म्हणजे वेळ मिळाला 45 मिनिटे. घाबरलेला नवखा याहून बराच जास्त श्वास घेतो. त्याच सिलिंडरचा काटा 100 वर असेल तर राखीव सोडून निम्म्याहूनही कमी वेळ, म्हणजे 15 मिनिटेच, उरतात.

येथेच व्यापाराचा प्रश्न येतो. ताग्याच्या वरच्या घडीवरून गिऱ्हाईक आतला माल पारखू शकत नाही. पण कापड खराब निघाले तर पैसे जातात, पाण्याखाली जीव जातो. धंद्यात चढाओढ लागली आणि दर उतरले की काटछाट गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या गोष्टींत होते : सरावाचा वेळ, उपकरणांची देखभाल, सोबतची माणसे, होडीतली गर्दी. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. धोका फक्त पाण्याखाली नसतो, हे यावरून ध्यानात घ्यावे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या आदरणीय प्रेषितांची (स.) हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. विकणाऱ्यावर जशी दोष न लपवण्याची जबाबदारी आहे, तसा विकत घेणाऱ्याला ढिगात हात घालण्याचा हक्क आहे.

म्हणून दर ठरवण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात :

1. पाण्याखाली नेणाऱ्याकडे मान्य संस्थेचे प्रमाणपत्र आहे काय? ते पाहायला मागावे.
2. एका प्रशिक्षकामागे गिऱ्हाइके किती? पहिल्या बुडीला एकास एक सर्वांत चांगले.
3. सिलिंडरचा काटा उतरण्याआधी आपल्याला दाखवतात काय?
4. होडीत प्रत्येकाला लाईफ जॅकेट मिळते काय, आणि ते घालायला लावतात काय?
5. तब्येतीचा फॉर्म भरून घेतात काय? दमा, फीट, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर ते लपवू नये. आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदर भगिनींनी उतरूच नये.
6. खुणा शिकवतात काय? अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

विमानाने परतायचे असल्यास बुडीनंतर 18 तास थांबणे चांगले. आपण घाट चढून घरी येणारे लोक, म्हणून त्याच दिवशी निघायचे असेल तर प्रशिक्षकाला विचारूनच निघावे. पाण्यातल्या पोशाखाबद्दल भगिनी विचारतात. निओप्रीनचा पूर्ण सूट मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकतो, पण तो अंगाला चिकटून बसतो. आधी सांगितल्यास वरून सैल कपडा घालता येईल काय, हे चालकाशी बोलून ठरवता येते. मात्र लोंबणारी टोके चालणार नाहीत.

शेवटी रोजीची बाब. नार आणि पार नद्यांच्या या मुलखात पोहणारी मुले पुष्कळ आहेत. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. जगभर चालणाऱ्या ‘पॅडी’ पद्धतीत पहिला पूर्ण कोर्स ‘ओपन वॉटर’चा असतो. त्यासाठी 200 मीटर पोहणे आणि 10 मिनिटे तरंगणे जमले पाहिजे. तो झाल्यावर 18 मीटरपर्यंत उतरता येते. त्यापुढे ‘डाइव्हमास्टर’पर्यंत पोहोचण्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण लागतात. पोटासाठी हा हुनर शिकायचा तर निदान तेथपर्यंत जावे लागते. खर्च बराच आहे, म्हणून उधारीवर उडी घेऊ नये. आधी पहिली बुडी, मग कोर्स, मग हंगामाचा हिशेब.

ज्या मुलांना हा हुनर पोटासाठी शिकायचा आहे, त्यांनी वरच्या सहा गोष्टी पाठच कराव्यात. उद्या त्यांच्या गिऱ्हाइकाने त्या विचारल्या नाहीत, तरी त्या आपणहून दाखवण्यातच रोजीची बरकत आहे.