हाउसबोटीतील पाहुणा

श्रीनगरच्या दल आणि नगीन सरोवरांत काठाशी बांधून ठेवलेल्या हाउसबोटी म्हणजे पाण्यावरची भाड्याची घरेच होत. एकोणिसाव्या शतकात काश्मीर संस्थानात बाहेरच्या माणसाला जमीन विकत घेण्याची मुभा नव्हती. तेव्हा उन्हाळा घालविण्यासाठी येणाऱ्या युरोपीय मंडळींनी नावेतच बिऱ्हाड थाटले. हांजी लोकांच्या ‘डुंगा’ या नावेपासून पुढे आजची हाउसबोट सिद्ध झाली. समोर सज्जा, मग दिवाणखाना, जेवणघर आणि त्यामागे ओळीने शय्यागृहे, अशी तिची रचना असते. बांधणी देवदाराची असते, कारण हे लाकूड पाण्यात दीर्घकाळ टिकते.

मालकाचे कुटुंब बहुधा मागच्या बाजूस, लगतच्या नावेत किंवा काठावर राहते व स्वयंपाकही तेथेच होतो. हॉटेलात पाहुण्याच्या मागे खोली झाडणारा माणूस सहसा त्याच्या दृष्टीस पडत नाही. येथे मात्र सकाळी चहा घेऊन येणारा मुलगाच दुपारी गालिचा झटकीत असतो. पाहुण्याच्या वागण्याला निराळे महत्त्व येते ते यामुळे.

काश्मिरी घरात पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढतात, हाउसबोटीतही तोच प्रघात आहे. शिकाऱ्यातून उतरताना बूट ओले झालेले असतात. गालिचा भिजला तर बंद लाकडी खोलीत तो लवकर वाळत नाही. यजमानाने कुटुंबात जेवायला बोलाविलेच, तर हात धुण्यासाठी तांब्याची ‘तश्त-नारी’ घेऊन घरातील कोणी पाहुण्यांपुढे फिरते. पानावरून उठून मोरीकडे धावण्याची सवय असणाऱ्यांनी अशा वेळी स्वस्थ बसून राहावे, हेच बरे!

सर्वांत नाजूक प्रश्न सांडपाण्याचा आहे. ते वर्षानुवर्षे थेट सरोवरात सोडले जात असे. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने या कारणास्तव हाउसबोटींवर निर्बंध घातले. पुढे काही बोटींवर मैल्याचे जैविक विघटन करणाऱ्या टाक्या बसविण्यात आल्या. अशा टाकीत कापड, प्लॅस्टिक किंवा कापूस गेला की ती तुंबते, आणि ती मोकळी करण्याचे काम कोणाच्या तरी हातांनाच करावे लागते. दल सरोवर उथळ आहे. खिडकीतून फेकलेली पिशवी दूर वाहून न जाता पाणवनस्पतींत अडकून राहते. त्याच पाण्यातून कमळाचे देठ, म्हणजे ‘नदरू’, काढले जातात व संध्याकाळी ताटात वाढले जातात.

शिकाऱ्यातून शाली, केशर वा लाकडी नक्षीकामाच्या वस्तू विकणारे थेट सज्ज्याला येऊन भिडतात. घ्यावयाचे नसेल तर पहिल्याच वाक्यात नकार द्यावा. निव्वळ करमणुकीखातर तासभर घासाघीस करणे हा त्या माणसाच्या पोटावर पाय आहे.

हिवाळ्यात छतावरचा बर्फ वेळीच खाली ओढावा लागतो, नाही तर त्याच्या भाराने नाव बुडू शकते. ते काम घरच्यांचे. पाहुण्याने सांभाळावयाची ती बुखारी. लाकडी बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी पहाटे दल सरोवरात लागलेल्या आगीत अनेक हाउसबोटी जळाल्या आणि तीन बांगलादेशी पर्यटक मृत्युमुखी पडले. ओले कपडे बुखारीवर वाळत घालू नयेत, खोलीत सिगारेट ओढू नये, आणि निजण्यापूर्वी निखारे विझविण्यासाठी यजमानाला हाक मारण्यात संकोच करू नये. कितीही रात्र झाली असली तरी तो येतो.