व्यापारी वारे आणि आमची शिडाची होडी

गेल्या वर्षी भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी सरांनी गटागटाने एकेक 'नकाशावरचा प्रवास' आखून आणायला सांगितले होते. कुणी रेल्वेने सैबेरिया ओलांडला, कुणी नाईल नदीतून खाली आले. आम्ही चौघी मैत्रिणींनी वेस्ट इंडीजची बेटे घेतली, आणि तीही शिडाच्या होडीतून. मी मालवणकडच्या दर्यावर्दी घरातली, तेव्हा होडीतले मला सगळे कळते, असा इतर तिघींचा समज होता. खरे सांगायचे तर माझाही होता. वास्तविक आमच्या घरातले शीड माझ्या जन्माच्या कितीतरी आधी उतरले. आजोबा तरुणपणी मंगळुरी कौले वाहणाऱ्या गलबतावर खलाशी होते. बाबा जातात ते यांत्रिक होडीवर. मी घरातून कॉलेजात आलेली पहिली, आणि समुद्र मी बहुतेक किनाऱ्यावरूनच पाहिलेला.

वेस्ट इंडीज हे नाव आपल्याकडे क्रिकेटमुळे घराघरात पोचले. १९७१ साली सुनील गावसकरांनी पोर्ट ऑफ स्पेनला पदार्पण करून त्या एका मालिकेत ७७४ धावा काढल्या, ही गोष्ट आमच्याकडे अजून रेडिओवर चालू असल्यासारखी सांगतात. पण त्या नावाचा देश नकाशावर शोधू गेल्यास सापडत नाही. सापडते ती बेटांची एक माळ. तिच्या पूर्वेकडच्या, म्हणजे लेसर अँटिलीस म्हटल्या जाणाऱ्या भागात आम्ही प्रवास आखला. ही बेटे उत्तरेकडून दक्षिणेकडे धनुष्यासारखी वाकून पसरली आहेत. पूर्वेला अटलांटिक महासागर, पश्चिमेला कॅरिबियन समुद्र. बरीचशी बेटे ज्वालामुखीची. मार्टिनिकवरील माँ पले ८ मे १९०२ रोजी भडकला तेव्हा सँ पिएर हे सबंध शहर काही मिनिटांत नष्ट झाले आणि अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसे गेली. सेंट व्हिन्सेंटचा सुफ्रिएर तर परवा परवा, २०२१ च्या एप्रिलमध्ये जागा झाला. ग्रेनडाच्या उत्तरेस सुमारे आठ किलोमीटरवर किक-एम-जेनी नावाचा ज्वालामुखी समुद्राच्या पोटातच आहे. तो शांत असला तरी होड्यांनी दीड किलोमीटर दूरून जायचे, आणि अस्वस्थ असला तर पाच किलोमीटर, असा तिकडे नियम आहे. वायूच्या बुडबुड्यांनी पाणी हलके झाले तर होडी तरंगणार कशावर?

आमचा पहिला आराखडा असा होता : डिसेंबरच्या सुट्टीत ग्रेनडाहून निघायचे, पट्टी लावून सरळ उत्तरेस मार्टिनिक गाठायचे, आणि जमल्यास पुढे अँटिग्वा. होडीवर सर्वांनी मिळून निर्णय घ्यायचे, असेही एक कलम आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिले होते.

दिवाळीत घरी गेले तेव्हा तो कागद मोठ्या तोऱ्यात आजोबांना दाखवला. त्यांना अक्षरओळख बेताचीच. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "गो चेडवा, वारो खंयसून येता, ता आधी सांग."

वारा ईशान्येकडून येतो हे मला ठाऊक होते. व्यापारी वाऱ्यांवर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिले होते : तीस अंशांजवळचा जास्त दाबाचा पट्टा, विषुववृत्ताजवळचा कमी दाबाचा पट्टा, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्यांचे उजवीकडे वळणे, सारे काही आकृतीसह. ते सगळे मी त्यांना ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आमच्या रेघेवर बोट ठेवले. "मगे वाऱ्याच्या तोंडार होडी कोण घालता?"

चूक अगदी सरळ होती. ग्रेनडाहून मार्टिनिककडे जाणारी दिशा नेमकी उत्तर नव्हे. ती पूर्वेकडे थोडी, साधारण वीस अंश, कलते. वारा ईशान्येचा, म्हणजे पंचेचाळीस अंशांवरून येणारा. दोहोंत अंतर उरते पंचवीस अंशांचे. आजकालची चांगली शिडाची होडीसुद्धा वाऱ्याच्या दिशेला पंचेचाळीस अंशांहून फारशी जवळ जाऊ शकत नाही. तेव्हा तिला एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला असे नागमोडी जावे लागणार. त्यात पाण्याचा प्रवाहही पश्चिमेकडे ओढणारा. शिवाय नाताळाच्या सुमारास तिकडे हा वारा विशेष जोर करतो; त्याला ते 'ख्रिसमसचे वारे' असेच म्हणतात. उलट मार्टिनिकच्या पुढे बेटांची माळ वायव्येकडे झुकते आणि तोच वारा उत्तरेकडे जाणाऱ्या होडीला सोयीचा होतो. धनुष्याचा बाक आम्ही नकाशावर हौसेने निळ्या शाईने रंगवला होता, पण त्याचा अर्थ काही आमच्या ध्यानात आला नव्हता.

मग आम्ही प्रवास उलटा केला. मार्टिनिकच्या ल मारँ बंदरातून निघून सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, बेक्वे, टोबॅगो कीज, कॅरिआकू आणि शेवटी ग्रेनडा. सुमारे दीडशे सागरी मैल. ताशी पाच-सहा मैलांनी होडी चालली तर मधली एकेक सामुद्रधुनी निम्म्या-पाऊण दिवसात पार होते, आणि डोंगराळ बेटे असल्यामुळे हवा स्वच्छ असेल तर पुढचे बेट बहुधा निघतानाच दिसते. पण 'दिसते' म्हणजे 'सोपे' असे समजू नये. बेटाच्या पश्चिम अंगाला डोंगराच्या आडोशाने वारा पडतो, शीड लोंबते, यंत्र सुरू करावे लागते. आणि बेटाचे टोक ओलांडताच अडलेला वारा व अटलांटिकच्या लाटा एकदम अंगावर येतात. तिथले नाविक टोकाशी येण्यापूर्वीच शीड थोडे आवरून घेतात. आजोबांना हे सांगावे लागले नाही.

भरती-ओहोटीचे मात्र त्यांना खरे वाटेना. कॅरिबियनमध्ये पाणी जेमतेम हातभर चढते-उतरते. आमच्याकडे खाडीतून बाहेर पडायचे तर भरतीचे गणित आधी. टोबॅगो कीजचेही त्यांना नवल वाटले. तिथे घोड्याच्या नालासारखा प्रवाळाचा बांध आहे. त्याच्या पलीकडे थेट आफ्रिकेपर्यंत जमीन नाही. होड्या त्या बांधाच्या आत नांगर टाकतात. वारा पूर्ण वेगाने वाहत असतो, पण लाट बांधावर फुटते आणि आत पाणी विहिरीसारखे स्वच्छ.

प्रवासात चार देशांचा संबंध येतो, कारण मार्टिनिक म्हणजे फ्रान्सच. तिथे युरो चालतो, पुढे पूर्व कॅरिबियन डॉलर. नव्या देशाच्या बंदरात शिरताना पिवळे निशाण चढवायचे, कप्तानाने एकट्याने कागदपत्रे घेऊन उतरायचे, परवानगी मिळाली की पिवळे उतरवून त्या देशाचे निशाण लावायचे. 'सर्वांनी मिळून निर्णय' हे आमचे कलम इथेच गळाले. तांडेल एकच असतो, यावर आजोबाही ठाम होते. आमच्यापैकी तो कोण, यावर दोन दिवस अबोला झाला, तो विषय वेगळा.

"पावसात थंय बोटी खंय ठेवतत?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. आपल्याकडे आगोटीला होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. तिकडे हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, चक्रीवादळांचा. 'हरिकेन' हा शब्दही त्या बेटांच्या मूळ रहिवाशांचाच, स्पॅनिशमार्गे जगभर गेलेला. त्या महिन्यांत पुष्कळ होड्या दक्षिणेस ग्रेनडाकडे सरकतात, कारण बारा अंशांच्या खाली वादळ क्वचितच येते असा हिशेब. २००४ साली आयव्हन वादळाने ग्रेनडातील बहुतेक घरांची छपरे नेऊन तो हिशेब चुकवला. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ कॅरिआकूवर आले आणि त्या लहान बेटावर क्वचितच एखादी इमारत धड राहिली.

कॅरिआकूपाशी मात्र आम्ही सर्वात जास्त रेंगाळलो. त्या बेटावर विंडवर्ड नावाचे गाव आहे. तिथे स्कॉटलंडहून आलेल्या सुतारांच्या वंशजांनी लाकडी शिडाची गलबते बांधण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या चालवली. आराखडा कागदावर नसतो, डोळ्यांत असतो. समुद्रकिनाऱ्यावरच होडी बांधतात. ती पाण्यात सोडायच्या दिवशी गावजेवण होते, बकरे-मेंढे कापतात, मग एका बाजूचे टेके कुऱ्हाडीने तोडून होडी कुशीवर निजवतात आणि ओंडक्यांवरून सगळे गाव तिला ओढत नेते. या गलबतांनी बेटाबेटांतून माल वाहिला. १९६५ पासून त्यांच्या शर्यती भरतात. २०२३ मध्ये युनेस्कोने या कलेची आपल्या वारसा यादीत नोंद केली. आता शीड तिथे मुख्यतः पाहुण्यांचे. मित्रमंडळी मिळून आठवड्याच्या बोलीने होडी भाड्याने घेतात आणि हौसेसाठी बेटे फिरतात.

"हौसेक?" आजोबांनी विचारले. मी हो म्हटले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कौलांच्या फेऱ्यांत त्यांच्या एका भावाला समुद्राने नेले होते, हे मला नंतर आईकडून कळले.

प्रात्यक्षिकाच्या वहीत शेवटी 'आधार' या मथळ्याखाली आम्ही एक नकाशासंग्रह आणि तीन इंग्रजी पुस्तके लिहिली. आजोबांचे नाव मी लिहिले नाही. मैत्रिणींनी सुचवले होते. मीच नको म्हटले. प्रवासाची दिशा फिरवल्याबद्दल सरांनी वर्गात शाबासकी दिली, तेव्हाही मी गप्प बसले. म्हणून ते इथे लिहिते आहे.

मे महिन्यात पुन्हा घरी गेले तेव्हा त्यांना कॅरिआकूची गलबते अजून आठवत होती. लाकूड कुठले वापरतात, त्यांनी विचारले. फासळ्यांना तिकडे पांढरा सिडार वापरतात, पण तो देवदाराच्या जातीचा नव्हे. मुंबईत रस्त्याकडेला गुलाबी फुलांनी बहरणारी टॅबेबुयाची झाडे दिसतात, त्यांच्या नात्यातला. होडीच्या बाकाला जुळेल अशी मुळातच वाकलेली फांदी रानात हिंडून निवडतात, असे मी सांगितले.

"सोदूचीच लागता," ते म्हणाले, आणि अंगणातल्या फणसाच्या एका फांदीकडे बोट दाखवून ती होडीत कुठे बसली असती ते मला समजावू लागले.