येरळेची वाळू

कुंडलच्या एका अंगाला कृष्णा आहे. दुसऱ्या अंगाला येरळा आहे. कृष्णा मोठी. तिच्या काठी घाट आहेत, देवळे आहेत. औदुंबरला लांबलांबून माणसे येतात. येरळेला कोण येतो? पावसाळ्यात थोडे दिवस ती भरून वाहते. मग आटते. उन्हाळ्यात पाहावे तर नुसती वाळू. म्हणून लोक म्हणतात, "येरळा व्हय? कोरडी नदी ती!"

ह्या धड्यात आपण ह्याच कोरड्या नदीविषयी वाचू.

येरळा सातारा जिल्ह्यात उगम पावते, खटाव तालुक्यातल्या डोंगरांत. नेर आणि येरळवाडी इथे तिचे पाणी अडवले आहे. वडूजवरून ती खाली उतरते आणि सांगली जिल्ह्यात येते. शेवटी ब्रह्मनाळजवळ ती कृष्णेला मिळते. तिचा मुलूख कमी पावसाचा आहे. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिते होतात. इकडे येते ते उरलेसुरले.

आमची संस्था नदीकाठच्या गावांत काम करते. पगारी माणसे थोडी. बाकी सारे गावचेच स्वयंसेवक. स्वयंसेवक म्हणजे आपल्या खुशीने, मोबदला न घेता काम करणारा माणूस. आम्ही पहिल्यांदा येरळेवर गेलो तेव्हा चैत्र महिना होता. पात्रात पाय भाजत होते. आमच्यातला एक तरुण म्हणाला, "इथे राखायचे तरी काय? पाणीच नाही."

तेव्हा एक म्हातारे आबा पुढे झाले. ते वाळूत उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी वाळू उकरू लागले. कोपरभर खड्डा झाला. वाळू ओली लागली. आणखी वीतभर उकरली. खड्ड्यात हळूहळू पाणी साठले. आबांनी ते ओंजळीत घेतले आणि म्हणाले, "कोरडी कुठं हाय? झाकून ठेवलंय तिनं."

आबांचे बोलणे खरे की खोटे, हे घरी करून पाहा. एक बादली कोरड्या वाळूने काठोकाठ भरा. आता तिच्यात तांब्याने पाणी ओता. बादली तर भरलेली आहे. पाणी मावेल कुठे? पण मावते. दहा तांब्यांच्या बादलीत सुमारे तीन तांबे पाणी जिरते. वाळूच्या कणाकणांमध्ये जागा असते. तिथे पाणी जाऊन बसते.

आता दुसरी गंमत. वाळू आणि पाणी भरलेली ती बादली उन्हात ठेवा. शेजारी नुसत्या पाण्याची बादली ठेवा. आठ दिवसांनी पाहा. नुसते पाणी बरेच उडून गेलेले दिसेल. वाळूचा वरचा थर मात्र वाळलेला, आणि खाली हात घातला तर ओल. वरची वाळू खालच्या पाण्याला सावली धरते.

आता नदीचा हिशेब करू. शंभर मीटर लांब, पन्नास मीटर रुंद पात्र घ्या. त्यात दोन मीटर खोल वाळू आहे असे धरा. ही वाळू दहा हजार घनमीटर झाली. तिच्यातून पाव भाग पाणी मिळाले, तर अडीच हजार घनमीटर. म्हणजे पंचवीस लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर अडीचशे टँकर. एवढे पाणी शंभर मीटर पात्रात! हा हिशेब समजुतीपुरता आहे. सगळीकडे वाळू सारखी नसते. पण पावसाळा सरल्यावरही नदीकाठच्या विहिरींना पाणी का टिकते, हे त्यावरून कळेल.

अशी ही वाळू जाते कुठे? घरे बांधायला, पूल बांधायला, रस्ते करायला. सिमेंटला वाळू लागतेच. पाण्याच्या खालोखाल माणूस जगात सर्वांत जास्त वापरतो ती वाळू आणि खडीच. तेव्हा वाळू कोणीच काढू नये, असे आम्ही म्हणत नाही. आपली घरेही वाळूचीच आहेत. प्रश्न एवढाच, की किती काढायची, कुठून काढायची, आणि पैसा कोणाच्या हातात जायचा.

बैठकीत एका गड्याने आम्हांला अडवले. "आवं, वाळू काढली तर नदी खोल हुती. खोल नदीत पानी जास्त ऱ्हाईल की!" सगळे हसले. आमच्या स्वयंसेवकाला पटकन उत्तर सुचले नाही. पण प्रश्न चांगला होता. बऱ्याच जणांना तसेच वाटते.

त्याचे उत्तर असे. खड्ड्यात पाणी साठते हे खरे. पण ते उघडे असते. ऊन ते पिऊन टाकते. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. विहिरीचे पाणी आणि नदीचे पाणी जमिनीखालून एकमेकांना मिळालेले असते. पाणी उंचावरून खाली जाते. नदीचा तळ दोन पुरुष खाली गेला, की काठच्या विहिरींचे पाणी नदीकडे ओढले जाते. मग विहीर खोल करावी लागते. शेजारीही आपली खोल करतो. पुन्हा आपली वेळ येते. ह्यात पैसा जातो तो शेतकऱ्याचा.

हे सगळे आम्ही नव्याने शोधून काढलेले नाही. ह्याच येरळेच्या काठी लोकांनी ते चाळीस वर्षांपूर्वी ओळखले होते. ती हकिकत आता सांगतो.

विट्याच्या बाजूला, खानापूर तालुक्यात, बलवडी नावाचे गाव आहे. शेजारी तांदुळवाडी. ह्या भागातले पुष्कळ लोक मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला असत. १९८२ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. संप लांबला. कामगार गावी परत आले. गावी दुष्काळ. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची आणि मजुरी घ्यायची, एवढेच हाती राहिले.

ह्या कामगारांनी आणि शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. डॉ. भारत पाटणकर त्यांच्याबरोबर होते. बलवडीचे संपतराव पवार होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. खडी फोडून दुष्काळ हटत नाही. दुष्काळ पडतो का, ते आधी पाहू. मग गावोगाव माणसे बसली. पाऊस किती पडतो, पाणी जाते कुठे, पूर्वी कोणती पिके होती, ह्याची चर्चा झाली. शहरांतली शिकलेली माणसेही मदतीला आली. तेव्हा नदीतून ट्रक भरभरून वाळू बाहेर जात होती. ठेकेदाराला पैसा, सरकारला महसूल, आणि गावाला कोरड्या विहिरी! लोकांनी ह्या वाळूउपशाला विरोध केला.

पण ते नुसते विरोध करून थांबले नाहीत. त्यांनी म्हटले, वाळू थोडी आम्हीच विकू, आणि त्या पैशांतून नदीवर छोटे धरण बांधू. अभियंता के. आर. दाते ह्यांनी योजनेला मदत केली. सरकारची मंजुरी सहज मिळाली नाही. त्यासाठी झगडावे लागले. शेवटी काम झाले. गावच्या बाया-बापड्यांनी श्रमदान केले. कॉलेजची मुलेही आली. ज्यांनी कधी पाटी उचलली नव्हती, त्यांच्या तळहातांना फोड आले. धरणाला नाव दिले बळीराजाचे. दिवाळीत आपल्या आयाबहिणी ओवाळताना बळीचे राज्य मागतात, तोच हा बळीराजा.

आता ह्यातली खरी मोठी गोष्ट ऐका. धरण बांधणे हे कष्टाचे काम, पण पाणी वाटणे हे त्याहून अवघड. पाणी आले की ज्याची जमीन मोठी त्याचा पाट मोठा, अशी आपली रीत आहे. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी वेगळे ठरवले. पाण्यावर प्रत्येक घराचा सारखा हक्क. जमीन असो वा नसो. ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्याचा वाटा. त्याने आपले पाणी घेऊन दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी. आणि ह्या पाण्यावर ऊस करायचा नाही. ऊस फार पाणी पितो. एकाच्या उसात दहा घरांची ज्वारी बुडते.

कुंडलच्या माणसाला ह्याचे नवल वाटू नये. १९४३ ते १९४६ ह्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार ह्या भागात चालले. कुंडल हे त्याचे मोठे ठाणे. कुंडलचे जी. डी. बापू लाड त्यात पुढे होते. गावचे तंटे गावातच मिटत. भारत पाटणकरांचे वडील बाबूजी आणि आई इंदुताई, दोघेही त्या लढ्यात होते. आपले काम आपण करायचे, ही ह्या मातीची जुनीच खोड आहे.

आता ताकारी आणि टेंभू ह्या योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून ह्या भागात आणले आहे. त्याने पुष्कळ शेते भिजली. मग कोणी विचारील, येरळेची काळजी कशाला? आमचे सांगणे एवढेच, की ते पाणी पंपाने येते. पंपाला वीज लागते. विजेचे बिल येते. नदीची वाळू बिल धाडत नाही.

आमच्या कामाकडे वळू. पहिल्या वर्षी आमची एक चूक झाली. तीही सांगतो. साठ माणसे जमवली. पात्रातले प्लास्टिक, जुने कपडे, निर्माल्य, बाटल्या, सगळे गोळा केले. दोन दिवसांत केवढा ढीग झाला! फोटो काढले. ढीग काठावरच ठेवला. उचलायला ट्रॉली सांगितली होती, ती आलीच नाही. आम्हीही पाठपुरावा केला नाही. जुलैत पूर आला आणि ढीग होता तसा नदीत गेला. एक आक्का म्हणाल्या, "नदीनं आपलं आपल्याला परत दिलं न्हाय, खालच्या गावाला दिलं." त्या बोलण्याने आम्ही शरमलो. आता ट्रॉली दारात उभी राहिल्याखेरीज आम्ही कचऱ्याला हात लावत नाही.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही विहिरींची वही सुरू केली. हे काम साक्षर वर्गातल्या एका मावशींनी घेतले. सुतळीला दगड बांधायचा. सुतळीला हात-हातभर अंतराने गाठी मारायच्या. दर अमावास्येला नदीकाठच्या सहा विहिरींत ती सोडायची. पाणी लागेपर्यंत किती गाठी गेल्या, त्या मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. मावशींना पहिल्यांदा आकडे लिहिताना घाम फुटे. सहा आणि नऊ उलटसुलट होत. आता त्या आम्हांलाच चुका दाखवतात.

वहीने एक गोष्ट उघडी केली. जिथे वाळू शिल्लक आहे, तिथल्या चार विहिरींना वैशाखात चौदा-पंधरा गाठींवर पाणी लागले. जिथे उपसा झाला, तिथल्या एका विहिरीला तेवीस गाठी गेल्या. सहावी विहीर मात्र वाळू असूनही आटली. तिचे कारण अजून आम्हांला उमगलेले नाही. वहीत तीही तशीच लिहिली आहे.

मग कठीण प्रसंग आला. रात्री नदीतून ट्रॅक्टर जात होते. एका ट्रॅक्टरवर मावशींचा सख्खा भाचा होता. तो म्हणाला, "मावशे, मला रोज मिळतो. शेती न्हाय, नोकरी न्हाय. मी काय करू?" मावशी दोन दिवस बैठकीला आल्या नाहीत. आम्हीही बोलावणे धाडले नाही. काय म्हणून बोलवायचे?

तिसऱ्या दिवशी त्या आपणहून आल्या. म्हणाल्या, "पोराला रोज मिळतो. ट्रॅक्टर त्याचा न्हाय. वाळूबी त्याची न्हाय. अर्जात त्याचं नाव घालू नका, मालकाचं घाला."

तसे ठरले. इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. वाळूची गाडी रात्री आपण अडवायला जायचे नाही. त्यात माणसांचे जीव गेले आहेत. तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर कागदावर लिहायचा. अर्ज तलाठ्याकडे आणि तहसीलदाराकडे द्यायचा. पोचेवर सही-शिक्का घ्यायचा. विनापरवाना वाळू काढणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्या कायद्याच्या कलम ४८ मध्ये आहे. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, की लहानशा वाळूच्या ठेक्यालासुद्धा पर्यावरणाची परवानगी लागेल. हे अर्जात लिहिले, की अर्जाला वजन येते.

भाच्यासाठीही काही करावे लागले. त्याला वाहन चालवता येते. बांध घालायच्या, गाळ वाहायच्या कामावर त्याला घ्यावे, असे मंडळाने ठरवले. रोज पहिल्याएवढा नाही. तो आला, चार महिने टिकला, आणि पुन्हा गेला. आता तो ऊसतोडीच्या हंगामात गाडीवर असतो, असे कळते.

ग्रामसभेच्या दिवशी चावडीत गर्दी होती. नदीचा विषय शेवटी निघाला. तोवर निम्मी माणसे उठली होती. मावशी उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा लावला आणि वही उघडली. एकेका ओळीखाली बोट ठेवून त्या सहा विहिरींचे आकडे वाचू लागल्या. मागून कोणी म्हणाले, "मोठ्यानं वाचा!" त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.