धवळ्यांचे ध्वनिमुद्रण : परिसर अभ्यासातील एक पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी)

उद्देश : नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी त्या कामी घेण्यात आल्या. बहुतेक शेते गेली. दिवाळे, घणसोली यांसारखी गावठाणे मात्र इमारतींच्या गर्दीत टिकून राहिली. तेथील आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवळे गाते. हा गीतप्रकार प्राचीन आहे. तेराव्या शतकातील महदंबेचे धवळे शिक्षकांना परिचित आहेतच. परंतु धवलारिणीचे धवळे बहुधा मुखोद्गतच असतात. ज्या वृद्धेच्या कंठात ते आहेत, तिच्यामागे ते कोठे शोधावयाचे? शब्द वहीत उतरतात. चाल, श्वास व स्वर लांबविण्याची रीत उतरत नाही. म्हणून मुलांनी ती गीते ध्वनिमुद्रित करावीत, हा या पाठाचा हेतू होय.

पूर्वीचे उदाहरण : हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या प्रथम लिहून घेतल्या गेल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी काहींचे शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. त्या गाणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येक आज हयात नाहीत. त्यांचा आवाज मात्र ऐकावयास मिळतो.

साधने : हातात मावणारा डिजिटल ध्वनिमुद्रक, मेमरी कार्ड, हेडफोन, छोटी तिपाई, राखीव सेल व वारा अडविणारे फोमचे आवरण. मुद्रण ‘वेव्ह’ प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या प्रमाणावर करावे. दोन वाहिन्यांच्या एका तासाला सुमारे १ गिगाबाइट जागा लागते. एमपी३ प्रकारात जागा वाचते, पण ध्वनीचा काही अंश कायमचा टाकून दिला जातो.

कृती :

१. प्रथम संमती घ्यावी. मुद्रण कशासाठी आहे व ते कोण ऐकणार, हे आजींना समजावून सांगावे. एखादे गीत लग्नविधीखेरीज गाऊ नये असे त्यांना वाटत असेल, तर आग्रह धरू नये.

२. हेडफोन लावून दोन मिनिटे स्तब्ध बसावे व ऐकू येणाऱ्या आवाजांची यादी करावी : पंखा, फ्रिज, कुकरची शिटी, लोकल, विमान. आपले कान सवयीने जे वगळतात, ते यंत्र वगळत नाही. पंखा बंद करावा. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गोधड्या व कपडे असलेली खोली निवडावी.

३. ध्वनिमुद्रक तिपाईवर, गाणाऱ्या व्यक्तीपासून सुमारे दीड ते दोन फुटांवर ठेवावा. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीतील घुमारा मात्र तितका उतरत नाही. हातात धरल्यास बोटांची खसखस मुद्रित होते.

४. एक कडवे गाऊन घ्यावे व सर्वांत चढा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावावी. आवाज शून्यावर गेला की त्याची शिखरे कापली जातात व ती पुन्हा जोडता येत नाहीत. स्वयंचलित पातळी बंद ठेवावी. ती दोन ओळींमधील शांततेत आसपासचा गोंगाट वर ओढते.

५. आरंभी एका विद्यार्थ्याने दिनांक, गाव व गीताचा प्रसंग स्पष्ट उच्चारावा. शेवटी कोणीही न बोलता एक मिनिट त्या जागेचा आवाज मुद्रित करावा. पुढे संपादनात तो सांधा जुळविण्यास उपयोगी पडतो.

६. मुद्रण थांबविल्यावरच यंत्र बंद करावे. एकदम सेल काढल्यास फाइल अपुरी राहण्याचा संभव असतो.

जतन : त्याच दिवशी दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती कराव्यात. तिसरी प्रत आजींच्या घरी द्यावी. तो त्यांचा ठेवा आहे.

स्वाध्याय : (१) मुद्रण ऐकून धवळ्याचे शब्द लिहा. (२) न समजलेल्या शब्दांचे अर्थ आजींना विचारून घ्या. (३) लिहिलेल्या प्रतीत काय आले नाही, ते चार ओळींत सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना स्वतःच्या शब्दांत देता आले, म्हणजे पाठ साधला असे समजावे.