राजवाडा सोमवारवर ठेवू नका

थिबा राजवाड्याच्या बंद फाटकापाशी आई पाच-सात मिनिटं नुसती उभी होती. गजांतून जेवढं दिसलं तेवढं तिने पाहून घेतलं आणि गाडीत येऊन बसली. कोल्हापुरात तिने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना ब्रह्मदेशात मंडालेला नेऊन ठेवलं, हे सांगताना ती फळ्यावर दोन उलट बाण काढायची. ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढंच तिने या सहलीत मागितलं होतं. आम्ही नेमकं तेच परतीच्या सोमवारवर ढकललं, आणि सोमवारी तिथलं संग्रहालय बंद असतं.

त्या फेरीत आमच्याकडून काय काय चुकलं, ते सांगते. दोन दिवसांसाठी रत्नागिरीला जाणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आम्ही सहा माणसं होतो. कागदावर अकरा ठिकाणं लिहून घेतली होती. पहाटे आंबा घाट उतरलो आणि पोचल्या पोचल्या पावसला गेलो. तिथून भाट्ये, आणि मग भर दुपारी रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा पसरलेला हा किल्ला, तीन बाजूंनी समुद्र, भगवती देवीचं देऊळ, पलीकडे दीपगृह, खाली मिरकरवाड्याचं बंदर. पण बाराच्या उन्हात कातळ असा तापला होता की आईचे पाय तटापर्यंतही चालले नाहीत. ती देवळाच्या सावलीत बसून राहिली आणि आम्ही धावतपळत फोटो काढून उतरलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, गणपतीपुळे. त्या दिवशी संकष्टी होती, हे आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. रांगेत अडीच तास गेले. बाहेर आलो तेव्हा तीन वाजत आले होते. मुलं कंटाळली होती, देऊळ समुद्राला लागूनच. माझा अकरा वर्षांचा भाचा थेट पाण्यात शिरला. गुडघाभर पाण्यातच होता. एक लाट आली, परतताना त्याच्या पायाखालची वाळू घेऊन गेली, आणि तो आडवा झाला. किनाऱ्यावर शहाळी विकणारे एक काका ओरडत धावले, त्यांनी दंडाला धरून त्याला ओढून काढलं. नाकातोंडात पाणी गेलं होतं, बाकी काही झालं नाही. काका धापा टाकत म्हणाले, “ताई, आज चतुर्थी. तीनला भरती भरते. पोरांना आत्ता सोडायचं नसतं.”

मग त्यांनीच हिशोब समजावला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे तीन वाजता, अष्टमी म्हणजे सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसा तशीच रात्री. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठं असतं. आमच्या घरात भिंतीवर कालनिर्णय आहे, रोज तिथी बघतो, पण समुद्राला जाताना ती पाहायची असते हे आम्हा घाटावरच्यांना कधी सुचलं नव्हतं. हा हिशोब अंदाजाचा आहे, पाण्यात उतरायची परवानगी नव्हे. गणपतीपुळ्याचा आणि आरे-वारेचा किनारा एकदम खोल होतो, आणि ओहोटीचं पाणीही आत ओढतं. तिथे घोट्यापर्यंतच पाय भिजवावेत, जीवरक्षक किंवा गावकरी नको म्हणाले तर वाद घालू नये, आणि पावसाळ्यात पाण्याजवळसुद्धा जाऊ नये.

त्या रात्री भाच्याच्या उशाशी बसले होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की अकरापैकी आठ ठिकाणांवर आम्ही खुणा केल्या होत्या, आणि पाहिलं एकही नव्हतं. सोमवारी राजवाड्याचं फाटक बंद मिळालं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात पुन्हा गेलो, आईला घेऊनच. या वेळी ठिकाणं कमी केली आणि प्रत्येकाची वेळ आधी ठरवली. ती आखणी अशी.

शनिवारी दुपारी पोचून जेवलो, तासभर आडवे झालो, आणि तीनला निघालो ते टिळक आळीत. गल्ल्या अरुंद आहेत. गाडी बाहेर ठेवून चालत किंवा रिक्षाने जावं. २३ जुलै १८५६ रोजी टिळकांचा जन्म झाला ते कौलारू घर आता स्मारक आहे. तिथून सरळ थिबा राजवाडा. १८८५ मध्ये मंडाले पडलं, १८८६ मध्ये थिबा राजा रत्नागिरीत आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. तीस वर्षांच्या या कैदेत हा राजवाडा त्याला मिळाला तो शेवटची सहा वर्षं, १९१० पासून. उतरती छपरं, अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या, संगमरवरी फरशीचं दालन, मागे त्याने बसवलेली बुद्धमूर्ती. आई एका खिडकीशी थांबली आणि भाच्याला म्हणाली, “टिळक मंडालेच्या तुरुंगात १९०८ ते १९१४ होते. म्हणजे चार वर्षं बघ, हा इथे खिडकीत आणि ते तिथे गजाआड, दोघंही एकमेकांच्या मुलखात.” भाच्याने विचारलं, “मग घरी कोण आधी गेलं?” आई म्हणाली, “टिळक सुटून आले. राजा गेलाच नाही, त्याची समाधी याच गावात आहे.” हे दोन्ही एकाच दुपारी, लागोपाठ पाहावं, असं मी आग्रहाने सांगते. वेगवेगळ्या दिवशी पाहिलं तर दोन इमारती दिसतात.

राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि समुद्र एका नजरेत येतात. सूर्यास्त तिथेच पाहिला. परतताना पतितपावन मंदिर. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांनी ते बांधलं आणि १९३१ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुलं झालं. संध्याकाळी तिथे शांत बसता येतं.

रविवारी सकाळी साडेसातला रत्नदुर्गावर होतो. गार वारा, खाली बंदरात परतणाऱ्या होड्या. आई या वेळी तटापर्यंत चालली. मग आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण वळणं आणि चढउतार आहेत, शिवाय वाटेत थांबल्याशिवाय राहवत नाही. तास-सव्वा तास धरावा. पंचांगात संकष्टी नाही हे पाहूनच दिवस ठरवला होता, त्यामुळे दर्शन अर्ध्या तासात झालं. देवळाला नव्हे, तर त्यामागच्या सबंध डोंगराला प्रदक्षिणा असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तिचा आग्रह धरू नये. शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेलं स्मारक आहे. बहुतेक गाड्या पुळ्याहून परत फिरतात, त्यांनी दहा मिनिटं पुढे जावं.

आणखी एक सकाळ हाताशी असेल तर उक्षीचा कातळावर कोरलेला हत्ती पाहा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. त्यांवर पाय देऊ नये, खडूने रेषा काढू नयेत. पावस हवं असेल तर मालगुंड सोडा. ती उलट दिशांना आहेत, दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

निघण्याआधी तीन गोष्टी पाहा: तिथी, वार, आणि संग्रहालयाच्या वेळा. वेळा बदलतात, म्हणून फोन करून विचाराव्यात. आणि त्याहीआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, तुम्हाला काय पाहायचंय? ते जे सांगतील ते पहिल्या दिवशी ठेवा.