अमेरिकेची जकात आणि आपला कापूस

२७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्यातले २५ टक्के ७ ऑगस्टपासूनच लागू झाले होते. उरलेले २५ टक्के भारत रशियाकडून तेल घेतो म्हणून दंडादाखल होते. औषधे या शुल्कातून वगळलेली असल्याने हैदराबादच्या औषध कारखान्यांना त्याची झळ लागली नाही. आदिलाबाद, यवतमाळ, नांदेडकडच्या कापूसवाल्यांची गोष्ट मात्र निराळी आहे.

करप्रकरणात आपण शिकतो की कराघात एकावर होतो आणि करभार दुसराच वाहतो. जकातीचे पैसे अमेरिकन बंदरावर तिथला आयातदार भरतो. तेव्हा परदेशी लोक आमची तिजोरी भरतात, हे ट्रम्पसाहेबांचे म्हणणे हिशेबाच्या वहीत तरी बसत नाही. पण आयातदार भरलेली रक्कम सोसत बसत नाही. तो ती गिऱ्हाईकाकडून काढतो, नाहीतर माल पुरवणाऱ्याला भाव पाडायला लावतो. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याच्यावर भार पडतो. त्या वेळी बांगलादेश आणि व्हिएतनाम यांच्या मालावरचे नवे शुल्क २० टक्के होते. म्हणजे खरेदीदाराला दुसरी दुकाने उघडी होती. तिरुपूरच्या होजियरीवाल्याला किंवा सोलापूरच्या टॉवेलवाल्याला अमेरिकेसारखे दुसरे गिऱ्हाईक एका रात्रीत कुठून मिळणार?

कापड धंद्याला दिलासा हवा होता. केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठवले. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. गिरण्यांच्या बाजूने पाहता हे तर्काला धरून होते. पण परदेशी रुई स्वस्त झाली की इथल्या कापसाच्या भावाला झाकण बसते, आणि आपली वेचणी सुरू होते नेमकी ऑक्टोबरात. सगळा दोष या सवलतीला देणे बरोबर नाही. जागतिक भाव मंद होते आणि मराठवाड्यात अतिवृष्टीने पीक भिजले होते. तरी मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये असताना खुल्या बाजारात त्याहून कमी भाव मिळत होता. सीसीआयची खरेदी होती, पण ओलावा १२ टक्क्यांवर गेला की माल परत. ज्याच्या घरात कापूस वाळवत ठेवायला जागा आहे आणि दाराशी सावकार नाही, तो थांबला. बाकीच्यांनी पहिल्याच वेचणीला व्यापाऱ्याला माल दिला.

अमेरिकेतल्या घडामोडींनी आपल्या कापसाचा भाव हलवण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८६१ मध्ये तिथे यादवी पेटली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. वऱ्हाड तेव्हा नावापुरते निजामाचे होते. १८५३ च्या तहापासून कारभार इंग्रजांकडे होता. वऱ्हाडात, खानदेशात कापसाचे सोने झाले. मुंबईत प्रेमचंद रायचंदांच्या काळातला शेअरबाजार बेफाम झाला. दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार मागेल तेवढे कर्ज देऊ लागला, कारण तारण होते चढता भाव. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये दिवाळखोरीत गेली. बुडालेल्या कंपनीचा हिशेब अशा रीतीने कधीतरी मिटतो. कुणब्याच्या रोख्यावरचे व्याज चालूच राहते. त्यातच तेजीच्या भावांकडे पाहून १८६७ पासूनच्या फेरमोजणीत सारा वाढवला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांची घरे गाठली. दंग्यांत मुख्यतः जाळले गेले ते कर्जरोखे आणि वह्या. आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी खतावणीला निरुपद्रवी वस्तू समजतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, म्हणजे युद्ध संपल्यावर चौदा वर्षांनी.

२०२५ ची परिस्थिती हुबेहूब तशी नाही. हमीभाव आहे, सहकारी बँका आहेत, आणि शेतकऱ्याच्या हातातल्या फोनवर रोजचा भाव दिसतो. कन्नड विभागातील मित्र रायचूरच्या बाजाराचा भाव इथे बसून सांगू शकतात. फरक पडलेला नाही तो वेळेच्या हिशेबात. रशियन तेलाबद्दलचे जादा २५ टक्के अमेरिकेने फेब्रुवारी २०२६ मध्ये मागे घेतले. निर्यातदार नव्या दराने पुन्हा बोलणी करू शकतो, ऑर्डर परत मिळवू शकतो. छोट्या शेतकऱ्याचा कापूस तोवर विकून झाला होता.